विषय: नाताळचा कार्यक्रम २५ लाच का? (हॉलचं डिपॉझिट शुक्रवारपर्यंत!!)

मेधा:
मंडळी, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत डिपॉझिट भरलं नाही तर हॉल गेला. २५ डिसेंबर, ४ ते ९. सुट्टी आहे, त्यामुळे "ऑफिस आहे" ही सबब नको. हॉलवाल्यांच्या अटी त्याच: मांस-मच्छी नाही, अंडं नाही, शेगडी नाही. दिवाळी पहाटेला इंडक्शन लावल्यावर काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे तेही नाही.
प्रत्येक टेबलावर एकेका देशाचा नाताळ दाखवायचा. टेबलं अशी: जर्मनी – उदय, नीलिमा. जपान – संदीपची बहीण. इथिओपिया – अविकाका. पोलंड – शर्वरी. पोर्तुगाल – ग्लोरियाताई. मेक्सिको अजून रिकामं आहे. हरकत असेल तर आजच कळवा.

उदय:
अंडं नाही तर केक कसला करायचा? दही घालून केलेला तो ओलसर दगड परत खायला मी येणार नाही.

नीलिमा:
उदय, आपण ष्टोलन करतोय, केक नाही. ड्रेस्डेनचा ष्टोलन यीस्टच्या पिठाचा, आपल्या कृतीत अंडं नसतंच. लोणी मात्र हात आखडून घालायचं नाही. गंमत म्हणजे हा मुळात उपासाच्या दिवसांतला पदार्थ. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत लोणी वर्ज्य, म्हणून तेलात करायचे आणि चव यथातथाच. शेवटी सॅक्सनीच्या राजघराण्याने पोपकडे अर्ज केला आणि १४९१ साली आठव्या इनोसंटने लोण्याची परवानगी दिली. एका पावासाठी पोपचं पत्र! आपल्याला हॉलच्या ऑफिसातून साधं उत्तर येत नाही.
मनुका रमऐवजी संत्र्याच्या रसात भिजवते. दोन आठवडे आधी करून गुंडाळून ठेवावा लागतो, म्हणून तारीख लवकर ठरवा.

ग्लोरियाताई:
मेधा, दोन गोष्टी.
एक. मी पोर्तुगालला कधी गेलेले नाही. मस्कतला होते, ते नोकरीसाठी. माझं माहेर इथेच ठाण्यात, चरईत. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, आम्ही इथेच राहिलो. घरात मराठीच बोलतो. माझ्या टेबलावर "पोर्तुगाल" लिहिलेलं मला चालणार नाही.
दोन. २५ तारखेला सुट्टी का असते? त्या दिवशी आमच्याकडे नाताळ असतो. २४ ला रात्री जांभळी नाक्याला सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्चमध्ये मिसा, घरी यायला एक वाजतो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारात माणसं, दुपारी दोन्हीकडचे नातेवाईक जेवायला. मी चार वाजता ते सगळं टाकून हॉलमध्ये नाताळ कसा असतो ते दाखवायला येऊ? तुम्ही लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी याल का?

मेधा:
ताई, गूगल फॉर्ममध्ये रकाना "देश" असा होता, आणि तुमच्या नावापुढे संदीपने भरलं. ठाणे करते. पण २५ सोडून ती जागा मिळत नाही हो. २४ चालेल?

ग्लोरियाताई:
वर लिहिलंय. २४ ला मिसा.

शर्वरी:
२४ ला पोलंडचंही जमणार नाही. तिथे २४ ची रात्र हाच मुख्य सण. आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर जेवायला बसतात. बारा पदार्थ, मांस नाही, टेबलक्लॉथखाली थोडं वाळलेलं गवत पसरलेलं. एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित कुणी दारात आलं तर त्याच्यासाठी. सासूबाई व्हिडिओ कॉलवर ते ताट तपासतात.
पण बारांत कार्प मासा हवाच. मेधा, मासा "मांस" धरतात का हॉलवाले?

मेधा:
धरतात.

संदीपची बहीण (योकोहामाहून):
मी ऑनलाइन आहे, टेबल भाऊ लावेल. जपानात २५ ला सुट्टी नसते, त्यामुळे तारखेचा माझा आग्रह नाही. पण शाकाहारी जपानी नाताळ कसा दाखवायचा ते सांगा. इथे १९७४ मध्ये केएफसीने नाताळची जाहिरात मोहीम केली आणि तेव्हापासून त्या रात्री तळलेलं कोंबडं खायचा रिवाजच पडला. आधी ऑर्डर दिली नसेल तर रांगेत उभं राहा. उरतो स्ट्रॉबेरी-क्रीमचा केक. तो बिनअंड्याचा ठाण्यात मिळतो ना? मग तेवढंच.

अविकाका:
सगळे २४-२५ वर का अडून बसलात? इथिओपियात आदिस अबाबाला आमचा नाताळ ७ जानेवारीला असायचा. गन्ना म्हणतात. इथिओपिया, इजिप्तचे कॉप्ट म्हणजे तिथले ख्रिस्ती, रशिया, सगळे ७ ला. कारण साधं आहे. त्यांची चर्चं जुन्या पंचांगावर चालतात, आणि ते आपल्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे आहे. १९०० पासून १३, आणि २१०० नंतर १४ होणार. अर्मेनियन लोक ६ जानेवारी धरतात, त्याचं कारण वेगळं. युक्रेनने तर २०२३ मध्ये अधिकृत सुट्टीच ७ वरून २५ वर आणली. म्हणजे तारीख हलवता येते. आपल्याकडे संक्रांत नाही का सरकली? विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला जन्मले तेव्हा त्या दिवशी संक्रांत होती, आता १४-१५ ला येते.
तेव्हा ७ जानेवारीच्या जवळचा रविवार घ्या. अंड्या-मांसाचा प्रश्नही सुटतो. गन्नाच्या आधी ४३ दिवस उपास: मांस नाही, अंडं नाही, दूधसुद्धा नाही. शिरो म्हणजे डाळीच्या पिठाचं पिठलं, मसुरीचं वत म्हणजे रस्सा, कोबी-गाजर, आणि खाली इंजेरा, आंबवलेल्या पिठाचं मोठं घावन. हॉलवाल्यांनी हात जोडावेत असं जेवण. टेफ हे तिथलं धान्य नसलं तरी नाचणीत थोडी कणीक घालून आंबवलं की काम भागतं, दरवेळी भागवतो.

उदय:
काका, उपास ७ ला सुटतो ना? त्या दिवशी डोरो वत असतं, म्हणजे कोंबडी, आणि वर अख्खं उकडलेलं अंडं. तुम्हीच आम्हाला ढोकाळीला खायला घातलं होतं.

अविकाका:
म्हणून "जवळचा रविवार" म्हटलं. आधीचा.

मंगलताई:
संक्रांतीच्या आसपास कुणी काही ठेवू नये. हळदीकुंकवाची तारीख आमची समिती ठरवते आणि त्याच हॉलचं बोलणं मी करून ठेवलं आहे. गेल्या वेळी पतंगाचा कार्यक्रम मध्ये घुसवला आणि वाण घ्यायला निम्म्याच बायका आल्या.

अविकाका:
मंगलताई, रविवार आणि संक्रांत यांत आठवडा असतो.

मंगलताई:
तिळगुळाला आठवडा लागतोच.

नीलिमा:
आधीच का नको? जर्मनीत खरी मजा आगमनाच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या, चार रविवारांतच असते: बाजार, मेणबत्त्या, ६ डिसेंबरला मुलांच्या बुटात खाऊ. फिलिपिन्समध्ये १६ ते २४ रोज पहाटेची मिसा, मेक्सिकोतही १६ पासूनच घरोघर मिरवणुका. म्हणजे २० च्या आसपासचा रविवार घेतला तर कुणालाच खोटं वाटणार नाही. मेक्सिकोच्या रिकाम्या टेबलाचंही काहीतरी जमेल.

ग्लोरियाताई:
ती तारीख मला चालेल. नाहीतरी त्या रविवारी आम्ही घरी कुलकुल करायला बसतोच, ते हॉलमध्ये करू. मैदा, थोडा रवा, तूप, नारळाचं दूध. काही जणी अंडं घालतात, आमच्या घरात नाही. पीठ मी घरून मळून आणते. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने पसरायची आणि अलगद गुंडाळत आणायची, की शंखासारखी वळते आणि वर रेघा उठतात. जास्त दाबलं तर दातांतून पीठ बाहेर येतं. मुलांना बसवा, त्यांची बोटं बरी असतात. एकट्याने करायचं कामच नाही ते, दोन किलो पिठाला पाच-सहा जण आणि भरपूर चहाड्या लागतात. शेगडी नाही म्हणता, तर तळून, पाकात घोळून मी दुसऱ्या दिवशी डबे पाठवीन. मारझिपानची मिठाई आणि पेरूचं चीज, म्हणजे पेरूची वडी, तयार आणते.

शर्वरी:
हे झालं तर कार्प सोडते. बीटचं सूप थर्मासमध्ये आणते.

मेधा:
ऑफिसला फोन केला. २५ च्या आधीचा रविवार, सकाळी १० ते २ मिळतोय, साखरपुडा रद्द झाला म्हणून. डिपॉझिट भरलं. हॉलमध्ये चमचे आहेत, काटे नाहीत. प्रत्येक घरातून दोन. पार्किंग आत नाही, मागच्या गल्लीत लावा. टेबल क्र. १: ठाणे.

उदय:
काट्याऐवजी कंगवा चालतो असं ऐकलंय. नवा.

ग्लोरियाताई:
चालतो. आणा.

अविकाका:
माझं मत नोंदवून ठेवा. ७ जानेवारीला माझ्याकडे डोरो वत आहे, घरी, अंड्यासकट. ज्यांना यायचं त्यांनी ४ पर्यंत कळवा, इंजेऱ्याचं पीठ तीन दिवस आधी भिजवावं लागतं.