गांजा कायदेशीर व्हावा का? तुमचं मत कशामुळे बदललं?

१९६९ साली गॅलप या सर्वेक्षण संस्थेने अमेरिकेत हा प्रश्न विचारला, तेव्हा जेमतेम १२ टक्के लोक ‘व्हावा’ म्हणाले. २०२३ मध्ये ७० टक्के. एवढी माणसं लेख वाचून बदलली नसणार, घरात किंवा शेजारी काहीतरी घडलं असणार. तुमचाही प्रसंग सांगा. मत बदललं नसेल तरी सांगा.

---

आईची कीमो चालू होती. पेल्यात चमचा वाजला तरी तिला ओकारी यायची. नेहमीच्या औषधांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी ड्रोनाबिनॉलच्या कॅप्सूल दिल्या. गांजात नशा आणणारं जे टीएचसी असतं, तेच प्रयोगशाळेत बनवलेलं. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “भूक लागलीय गं.” जन्मभर गांजेकसांना शिव्या घातलेली मी, मुकाट्याने पान वाढलं. औषधापुरतं माझं मत बदललं. बाकीचं अजून नाही.

---

माझं ‘नाही’च. भाऊ सोळाव्या वर्षी ओढायला लागला. एकोणिसाव्या वर्षी टीव्हीवर चादर टाकून ठेवायचा, आतली माणसं बघतात म्हणून. एकट्या गांजाने झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांना हा धोका जास्त असतो म्हणाले. ‘बंदी असतानाही त्याला मिळालाच ना?’ असं लोक मला ऐकवतात. मिळाला. मग दुकानात मिळाला असता तर कमी ओढला असता का?

---

वरच्या ताईंचं दुःख कळतं, पण दुसरी बाजूही पाहिलीय. मित्राकडे एक पुडी सापडली, गुन्हा नोंदला गेला. नऊ वर्षांनी नोकरीच्या अर्जात ‘पूर्वी गुन्हा दाखल झाला आहे का?’ या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं, ते मी शेजारी बसून बघितलं. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरता थोडा साठा बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. विक्री अजूनही गुन्हाच. मला कुणी विचारलं तर दोन उत्तरं देईन: तुरुंग नको, दुकानंही नकोत. सर्वेक्षणात मात्र ‘हो’ की ‘नाही’ एवढंच विचारतात, तिथे मी कुठे बसू?

---

मी कॅनडात असते. १७ ऑक्टोबर २०१८ ला इथे गांजा कायदेशीर करणारा कायदा लागू झाला, तेव्हा त्याच्या बाजूने होते, आजही आहे. फक्त खालच्या बाल्कनीतून धूर वर आला की खिडकी लावून घेते आणि पुटपुटते. नवरा हसतो.

---

(भावाबद्दल लिहिणारी मीच.) बाल्कनीवाल्या ताई, मला तो वास आला की मी खिडकी नंतर लावते. आधी भावाच्या खोलीत डोकावून येते.