मदत हवी आहे: जुनं घर, विहीर आणि रांगणारी मुलगी

नमस्कार मंडळी, आम्ही डिचोलीला सासरच्या जुन्या घरात राहतो, मुलगी दहा महिन्यांची, आता धरून धरून उभी राहते आणि मला धडकीच भरते. विहिरीचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा, त्यावर जाळी बसवायचीय पण लोखंडी जाळी आपल्या पावसात गंजते, तर स्टीलची कोणी बसवून घेतलीय का, साधारण खर्च किती आला? आणि कुलूप लावून पाणी काढता येईल अशी हवी.

दुसरं, न्हाणीघरातल्या बादल्या. नळाला पाणी कधी येईल भरवसा नाही म्हणून सासूबाई सगळ्या भरून ठेवतात, त्यांचंही बरोबरच. पण या वयात डोकं जड असतं, वाकून आत पडली तर स्वतःहून बाहेर येता येत नाही, दोन-तीन इंच पाणीही पुरतं आणि आवाजसुद्धा होत नाही. घट्ट झाकणाचे ड्रम घेऊ की दाराला वरून कडी लावू?

पडवीच्या पायऱ्यांना बेबी गेट लावायचंय, पण चिऱ्याच्या भिंतीचा गिलावा सुटतो, नुसतं दाबून बसवायचं गेट टिकेल का? कठड्याच्या गजांमधलं अंतरही चार इंचांहून जास्त आहे, तिथे काय बांधलंत? प्लीज अनुभव सांगा, फोटो असले तर टाका, पावसाच्या आधी काम उरकायचंय.