'जंटलमन'ला मराठीत काय म्हणाल?

शाईचा_डाग
आमच्या वाचनगटाने यंदा डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१८६०-६१) घेतली आहे. पिपच्या व्यक्तिरेखेवर मराठीत टिपण लिहायचं माझ्याकडे आलं आणि मी पहिल्याच वाक्यात अडले. लोहाराच्या घरी वाढलेल्या पोराला जंटलमन व्हायचंय. मी 'सद्गृहस्थ' लिहिलं, तर गटातले एक काका म्हणाले, "अहो, सद्गृहस्थ व्हायला आधी गृहस्थ व्हावं लागतं. हा तर सडाफटिंग!"
हशा झाला, पण माझी अडचण वेगळीच आहे. बड्या घरात वाढणारी एस्टेला पत्ते खेळताना पिपला हिणवते. याचे हात राठ, बूट जाडेभरडे, आणि पत्त्यातल्या गुलामाला 'नेव्ह' म्हणायचं सोडून हा 'जॅक' म्हणतो. तिथून त्याला हे वेड लागतं. म्हणजे त्याला सद्गुण नकोयत, मऊ हात हवेयत. मग त्यात 'सत्' कुठून आणू?

तिरशिंगराव
काकांचं मनावर घेऊ नका. "समोरून एक सद्गृहस्थ आले" म्हणताना कोणी लग्नपत्रिका मागत नाही. पण इथे तो शब्द नको हे खरं. 'साहेब' लिहा. पिपला साहेब व्हायचंय. संपलं.

मधली_आळी
'साहेब' म्हटलं की हापिस येतं, हाताखालची माणसं येतात. पिपला तर काहीच करायचं नाही! त्या काळी जंटलमनची खूणच ती, पोटासाठी राबावं लागत नाही असा माणूस. मूळ अर्थाने बघाल तर 'कुलीन'. जेन्टल हा लॅटिन 'जेन्स'वरून, म्हणजे कूळ. आणि जेन्स, आपलं जन, जन्म, जात, सगळं एकाच धातूच्या गोतावळ्यातलं.

पोटभाडेकरू
आलं! सगळं संस्कृतातूनच आलं.

मधली_आळी
संस्कृतातून आलं असं म्हटलंच नाही. दोघांचा पूर्वज एक, एवढंच. नीट वाचा.

पोटभाडेकरू
वाचलं. तरी 'कुलीन' नको. त्या शब्दाला जातीचा वास आहे आणि तो विकत मिळत नाही. कादंबरीत नेमकं उलट आहे. मॅग्विच हा जन्मठेपेवर काळ्या पाण्याला धाडलेला कैदी, न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्या पाळून पैसा करतो आणि त्यातून पिपला जंटलमन 'बनवतो'. तिथले घोड्यावरचे गोरे मालक याच्या अंगावर धूळ उडवत जायचे, तेव्हा हा मनात म्हणायचा, तुमच्याकडे जनावरं असतील, जमिनी असतील, लंडनात वाढवलेला जंटलमन कोणाच्या मालकीचा आहे? मालकीचा! या वाक्यात 'कुलीन' घालून बघा. बसतच नाही.

शाईचा_डाग
हेच म्हणायचं होतं मला. आणि दुसऱ्या टोकाला पिपचा लंडनमधला मित्र हर्बर्ट. त्याच्या वडिलांचं मत असं की जो मनाने जंटलमन नाही तो रीतीभातीने कधी होऊच शकत नाही, व्हार्निश कितीही चढवा, लाकडाच्या रेषा लपत नाहीत, उलट जास्तच उठून दिसतात. तोच हर्बर्ट पिपला सुरी तोंडात घालू नये हेही शिकवतो, इतक्या हळुवारपणे की पोराला लाज वाटत नाही. तिथे शब्द कुठला?

बखरवाचक
तिथे 'सभ्य'. सभेत शोभतो तो सभ्य. पण तुम्हा कोणालाच आठवला नाही असा अस्सल जुना शब्द सुचवतो: संभावित. "गावातली चार संभावित मंडळी" असं आमच्या आजोबांच्या तोंडी असायचं. गीतेत आहे, 'संभावितस्य चाकीर्तिर्मरणादतिरिच्यते' (२.३४). म्हणजे लोकांनी मान दिलेला, प्रतिष्ठित.

कोकणस्थ_काकू
पण आमच्याकडे 'मोठा संभावित आहे हो' म्हणजे वरून साळसूद, आतून बेरकी. 'संभावितपणाचा आव' ऐकलं नाही का कधी?

बखरवाचक
काकू, मग तर सोन्याहून पिवळं! मॅग्विचचा गुन्ह्यातला साथीदार काँपेसन आठवा. मोठ्या शाळेत शिकलेला, गोड बोलणारा. गुन्ह्यात दोघंही, पण कोर्टात त्याचा रुमाल, त्याचं बोलणं बघून सात वर्षं, आणि मॅग्विचला चौदा. हा खरा संभावित, दोन्ही अर्थांनी. इंग्रजीत एका शब्दात ही गंमत नाही.

नवा_गडी
संभावित म्हणजे शक्य असलेला ना? 'संभावित उमेदवारांची यादी' येते की पेपरात.

बखरवाचक
तो शब्द 'संभाव्य'. 'संभावित' हा हिंदी वृत्तसंस्थांच्या बातम्या घाईघाईने उतरवण्याचा प्रताप. उमेदवार प्रतिष्ठित असतील तर लिहा खुशाल.

तिरशिंगराव
लोक वापरतात तो अर्थ. तुमचे आजोबा आता यादी छापत नाहीत.

बखरवाचक
उद्या लोक 'मृत' म्हणजे 'झोपलेला' म्हणू लागले तर तेही चालवाल.

पोटभाडेकरू
लोक म्हणू लागले तर चालवावंच लागेल. 'राजीनामा'चा मूळ अर्थ संमतीपत्र होता म्हणतात. कोणी रडतंय का त्यासाठी?

अदिती_डेट्रॉइट
मंडळी, मूळ प्रश्नाकडे? माझ्या मते एक नाम शोधायचा हट्ट सोडा. मराठीकडे याहून भारी हत्यार आहे: तू, तुम्ही, आपण. जो गार्जरी, म्हणजे पिपला वाढवणारा त्याचा लोहार मेहुणा, लंडनला पिपच्या खोलीवर येतो तो प्रसंग घ्या. हॅट कुठे ठेवावी कळत नाही, शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो, ती सारखी पडते आणि हा धावून धावून झेलतो. ज्याला अंगाखांद्यावर वाढवलं त्यालाच मध्येमध्ये 'सर' म्हणतो. इंग्रजीत सगळा भार त्या 'सर'वर. मराठीत जो "कसा आहेस रे पिप" म्हणता म्हणता "आपण बरे आहात ना?" वर गेला, की पिप काय होऊन बसलाय ते कळलं. निरोप घेताना पुन्हा "पिप, बाळा". जंटलमन कोण, हे तिथे सांगावं लागत नाही. पुढे हाच जो पिपचं १२३ पौंडांवर गेलेलं देणं गुपचूप भरून, चिठ्ठी ठेवून, पहाटे निघून जातो.

कोकणस्थ_काकू
अदिती, छान. आणि शाई, त्या पत्त्यांच्या वाक्याचं सांगू? आम्ही लहानपणी 'गोटू' म्हणायचो आणि शहरातले भाचे 'गुलाम' म्हणायचे, वर आम्हाला हसायचे. "हा गुलामाला गोटू म्हणतो!" एवढंच लिहा. एस्टेला हुबेहूब.

शाईचा_डाग
काकू!! हे घेतलं. टिपणात तूर्त 'बडा माणूस' लिहितेय आणि हर्बर्टच्या वाक्यापुरता 'सभ्य'.

मधली_आळी
'बडा माणूस' ठीक आहे, पण एस्टेलाचा नवरा ड्रमल? तो जन्मानेच बडा, आणि तिला छळतो. त्याला 'कुलीन'च लागेल. पुन्हा सांगतो.

बखरवाचक
ड्रमल संभावितही नाही.

नवा_गडी
आजच्या पेपरात 'संभावित वादळ' आहे.

तिरशिंगराव
चांगल्या घरचं असेल.

अदिती_डेट्रॉइट
निरोपाच्या त्याच वाक्यात जो म्हणतो, कोणी लोहार, कोणी सोनार, कोणी तांबट. मध्ये 'व्हाइटस्मिथ'ही आहे. त्याला काय?

कोकणस्थ_काकू
कल्हईवाला.

बखरवाचक
कल्हईवाला दुसऱ्याच्या भांड्यांना कल्हई लावतो. व्हाइटस्मिथ स्वतः कथलाच्या वस्तू घडवतो. 'कथीलकार' करता येईल.

पोटभाडेकरू
करता येईल, पण जो लोहाराच्या तोंडी शोभेल का?