आधी तळघर, मग घर
‘यंत्रं चालतात सगळी, पण बेस (खेळातलं आपलं घर-कारखाना) गोदामासारखा दिसतो’ हे तुमचं दुखणं मीही भोगलंय. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळात क्रिएट (फिरती यंत्रं) आणि अप्लाइड एनर्जिस्टिक्स २ (केबलने जोडलेली डिजिटल साठवण) हे दोन्ही मॉड, म्हणजे खेळाला वरून जोडायच्या भरी, एकत्र टाकले की पसारा होतोच.

या चर्चेत वर कुणीतरी सगळं पाडून नव्याने बांधा म्हणालंय, ते नका करू. जमिनीखाली चार ब्लॉक उंचीचा मजला खणा आणि वायरिंग तिकडे ढकला. अप्लाइड एनर्जिस्टिक्सच्या साध्या केबलला ८ चॅनल, जाड केबलला ३२; जोडलेलं बहुतेक प्रत्येक यंत्र एक चॅनल खातं. त्यामुळे मधला मुख्य रस्ता जाड केबलचा ठेवा, गल्ल्या साध्या. वर जी केबल दिसेलच तिच्यावर फसाड (ब्लॉकसारखं दिसणारं आवरण) लावा, भिंतीत विरघळून जाते.

क्रिएटच्या शाफ्टना (फिरत्या दांड्यांना) केसिंग, म्हणजे खोकं, घाला, पण पाणचक्की मात्र झाकू नका बुवा! माझी खिडकीसमोरच आहे, फिरताना बघत बसतो.

आणि एक: एफ३ + जी दाबून चंकच्या रेषा बघा (चंक म्हणजे जगाचे चौकोनी तुकडे; आपण लांब गेलो की खेळ ते बंद करतो). माझी भट्ट्यांची रांग दोन चंकांत अर्धी-अर्धी होती. मी लांब गेलो की एक बाजू झोपायची, आणि आठवडाभर मी शिव्या मॉडला देत होतो.

छपराचा फोटो टाका, मग त्यावर बोलू.