प्रतिसाद: जेन स्टॅनफर्ड आणि अडचणीची वर्षे

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहसंस्थापक जेन स्टॅनफर्ड यांनी केवळ पतीचा पैसा विद्यापीठाला दिला, असे मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. एकुलता एक मुलगा १८८४ मध्ये फ्लॉरेन्स येथे विषमज्वराने गेल्यावर या दांपत्याने त्याच्या स्मरणार्थ कॅलिफोर्नियात विद्यापीठ स्थापन केले, ते १८९१ मध्ये सुरू झाले, हे सर्वज्ञात आहे; खरी कसोटी मात्र १८९३ मध्ये पती लीलँड स्टॅनफर्ड वारल्यानंतर लागली. त्याच वर्षी आर्थिक मंदी आली, मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात अडकली आणि पाठोपाठ केंद्र सरकारने त्या मालमत्तेवर दीड कोटी डॉलरचा दावा लावला. विद्यापीठ तात्पुरते बंद ठेवण्याचा सल्ला बाईंनी मानला नाही. न्यायालयाने घरखर्चासाठी दरमहा १०,००० डॉलर मंजूर केले, तेव्हा प्राध्यापकांना कागदोपत्री आपले खासगी नोकर ठरवून त्यांनी त्यातून पगार भागवले. (विद्वानांना हे कितपत रुचले असेल, कोण जाणे!) १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा दावा फेटाळला.

त्यांचा एक निर्णय मात्र मला खटकतो. मुलाच्या नावाचे विद्यापीठ मुलींचे होऊन बसेल या धास्तीने त्यांनी १८९९ मध्ये विद्यार्थिनींची संख्या ५०० वर गोठवली.

विद्यापीठाला पैसा मिळावा म्हणून १८९७ मध्ये त्या आपले दागिने विकायला लंडनला गेल्या, पण मनाजोगी किंमत आली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर दागिन्यांच्या रकमेतून ग्रंथखरेदीचा निधी उभा राहिला. या निधीतून घेतलेल्या पुस्तकांच्या आत चिकटवलेल्या मालकीदर्शक पट्टीवर (बुकप्लेट) ग्रीकांची ज्ञानदेवता अथीना हिला दागिने अर्पण करणाऱ्या बाईंचे चित्र असते.