आप्पा माजी सैनिक आहेत, ऑनलाइन डॉक्टरला दाखवलं तर "सब ठीक है" म्हणून मोकळे. तुमच्याकडे काय करता?

घणसोलीकर_79
नमस्कार मंडळी. आमचे आप्पा तोफखान्यातून हवालदार म्हणून 2002 ला रिटायर झाले, आता 66 चालूये, बीपी शुगर दोन्ही आहे. कारगिलच्या वेळी द्रासच्या बाजूला बोफोर्सवर होते, डावा कान जवळपास गेलाय आणि उजवा त्यांना पाहिजे तेव्हाच चालतो (हे आईचं मत). दर महिन्याला गोळ्यांसाठी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिक म्हणजे माझी एक सुट्टी, लोकल, रिक्षा, मग टोकन घेऊन बाकावर बसायचं. म्हणून म्हटलं सेहत ओपीडीवर, म्हणजे सैन्याच्या ऑनलाइन डॉक्टर सेवेवर दाखवू, घरबसल्या काम होईल.

रजिस्ट्रेशन झालं, ओटीपी आला, नंबर लागला, डॉक्टर मॅडम स्क्रीनवर आल्या. आप्पांनी खुर्चीत ताठ होऊन "जय हिंद मॅडम" ठोकलं आणि आवाज येईना म्हणून फोन उचलून सरळ कानाला लावला. पुढची पाच मिनिटं मॅडमना फक्त कान दिसत होता. त्या हिंदीत विचारतायत चक्कर येते का, पाय सुजतात का, आणि हे प्रत्येक प्रश्नाला "सब ठीक है मॅडम". अहो काय ठीक, परवाच बाथरूममध्ये भिंत धरून उभे होते! फोन ठेवल्यावर मला म्हणतात, पोरगी चांगलीये पण तोंडातल्या तोंडात बोलते.

तर विचारायचं हे की याचा खरंच कोणाला उपयोग झालाय का, की आपलं पॉलिक्लिनिकच बरं? आणि ऑनलाइन लिहून दिलेल्या गोळ्या मिळतात कुठे?

रिटायर्ड_सुभेदार_कळवा
तुमचे आप्पा खोटं बोलत नाहीत हो, ती सवय आहे. नोकरीत असताना सिक रिपोर्टला जास्त वेळा गेलं की पोरं कामचुकार म्हणायची, आणि मेडिकल कॅटेगरी शेप-वनवरून (म्हणजे पूर्ण फिट) खाली आली की प्रमोशनचं अवघड. वीस-पंचवीस वर्षं वर्दीतल्या डॉक्टरसमोर "ठीक है सर" म्हणून काढलीत, आता समोर परत मिलिटरीचाच डॉक्टर बसवला तर माणूस दुसरं काय बोलणार? मी स्वतः गुडघ्याचं तीन वर्षं लपवलं होतं, शेवटी मिसेसनी डॉक्टरसमोर भांडं फोडलं.

सेहत 2021 च्या मे महिन्यात सुरू झालं, दुसऱ्या लाटेत, तेव्हा आम्हा म्हाताऱ्यांना बाहेर पडायचीच भीती होती. जुनंच दुखणं आहे, रिपोर्ट दाखवायचेत, गोळीने मळमळतंय, एवढ्यासाठी चांगलं आहे. पण प्रिस्क्रिप्शन मोबाईलवर आलं म्हणून गोळ्या मोबाईलमधून पडत नाहीत. प्रिंट काढा, कार्ड घ्या आणि पॉलिक्लिनिकच्या काउंटरवर विचारा. स्टॉकमध्ये नसेल तर एनए (म्हणजे औषध उपलब्ध नाही) असं लिहून घ्या आणि पुढे कुठून घ्यायचं, बिलाचं काय, ते तिथंच विचारून घ्या, घरी येऊन व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका, तिथे दहा जण दहा सांगतात. रेफरलही पॉलिक्लिनिकमधूनच.

आणि छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, तर फोन घेऊन बसू नका. जवळच्या पॅनेलवरच्या हॉस्पिटलात कार्ड घेऊन थेट जायचं, इमर्जन्सीला रेफरल लागत नाही.

ऐरोलीची_सूनबाई
दादा आमच्याकडे सेम, फक्त सासरे नेव्हीतले. एक करा, फोन त्यांच्या हातात देऊच नका. आम्ही तो डाळीच्या डब्याला टेकवून ठेवतो, साधा वायरवाला हेडफोन चांगल्या कानात, आणि मी बाजूला बसते पण कॅमेऱ्यात. सुरुवातीलाच सांगायचं की बाबांना कमी ऐकू येतं, जरा हळू बोला. तरी नाहीच जमलं तर चॅटची सोय आहे, मी टाइप करते.

दुसरं म्हणजे वही. सात दिवस सकाळी गोळी घ्यायच्या आधी, पाच मिनिटं गप्प बसवून बीपी घ्यायचं आणि तारीख टाकून लिहायचं. मग ते ठीक है म्हणोत नाहीतर काही, डॉक्टरना आकडे वाचून दाखवायचे. आमच्याकडे गंमत अशी झाली की वही "लॉगबुक" म्हणून हातात दिल्यावर सासरे एक दिवस चुकवत नाहीत, उलट मलाच ओरडतात मशीन जागेवर नाही म्हणून 😄

चक्कर उठल्या उठल्या येते का तेवढं बघा. बसून आणि उभं राहून, दोन्ही बीपी लिहा, आणि बाथरूमचं डॉक्टरना तुम्हीच सांगा, वाट बघू नका.

नेरुळ_नाइट_शिफ्ट
मी नर्स आहे. वरच्या ताईंना अनुमोदन. माझा एकच प्रश्न, आप्पा रात्री झोपतात का?

घणसोलीकर_79
कसलं झोपतात. दिवाळीत तर गॅलरीचं दार बंद करून आतल्या खोलीत रेडिओ मोठ्याने लावून बसतात. आम्हाला वाटायचं फटाक्यांचा धूर सहन होत नाही. कधी विचारलं नाही.

नेरुळ_नाइट_शिफ्ट
ज्याला कमी ऐकू येतं तो फटाक्याला दार का लावतो, तेवढं एकदा शांतपणे विचारा, पण सगळ्यांसमोर नको. टेली मानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा 14416 नंबर आहे, फुकट, कधीही लावा, मराठीत बोलता येतं. फौजींसाठी त्यांचा वेगळा सेल 2023 च्या डिसेंबरात पुण्याला एएफएमसीमध्ये (सैन्याचं मेडिकल कॉलेज) सुरू झालाय. आधी तुम्ही लावून बोललात तरी चालेल. अमेरिकेत तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याने 2011 साली पीटीएसडी कोच नावाचं ॲप काढलं (पीटीएसडी म्हणजे युद्धासारख्या भयंकर अनुभवानंतर मनावर राहणारा त्रास), फुकट आहे, अकाउंटही काढावं लागत नाही, पण ते इंग्रजीत, आप्पांना किती झेपेल कुणास ठाऊक.

कामोठे_एक्स_एअरफोर्स
जरा विषय सोडून, पण महत्त्वाचं. हयातीच्या दाखल्याला अंगठा उमटत नसेल तर रांगेत उभे राहू नका, जीवन प्रमाणला चेहरा दाखवून होतं, आधार फेस आरडी ॲप तेवढं आधी टाकून घ्या. आणि स्पर्श, म्हणजे सैन्याच्या पेन्शनचं पोर्टल, त्याच्या नावाने "स्पर्शमधून बोलतोय, पेन्शन बंद होईल, ही फाइल डाउनलोड करा" असा फोन आला तर कट करायचा. मला आलेला. पीपीओ नंबर (पेन्शनच्या ऑर्डरचा नंबर) त्याच्याकडे होता हो! ओटीपी कोणाला नाही म्हणजे नाही, पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

घणसोलीकर_79
अपडेट. वही केली, वर आप्पांनी स्वतः पट्टीने रकाने आखले. उभं राहिल्यावर बीपी 20 ने उतरतंय, बसून 138 आणि उभं 118, चार दिवस असंच. काल परत नंबर लावला, फोन डब्याला टेकवला (आमचा पोह्याचा), डॉक्टर सर होते, आकडे ऐकून त्यांनी एक गोळी रात्री घ्यायला सांगितली आणि पॉलिक्लिनिकला प्रत्यक्ष दाखवून या म्हणाले. म्हणजे सुट्टी टाकावी लागणारच, असो.

फटाक्यांचं रात्री जेवण झाल्यावर विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवाज येत नाही रे. जमिनीतून कळतो." आणि ताट उचलून गेले. 14416 कागदावर लिहून फ्रिजला लावलाय, अजून कोणी लावला नाही.