'रिफ्रॅक्टरी ओअर' आणि 'बायोलीचिंग'ला मराठीत काय म्हणावं?

शिंपला: दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीवरचा लेख मराठीत आणतेय. 'रिफ्रॅक्टरी'साठी कोशात 'उच्चतापसह' मिळालं. 'सोन्याचं उच्चतापसह धातुक' चालेल? आणि बायोलीचिंगला 'जैवनिक्षालन'?

दगडधोंडे: उच्चतापसह म्हणजे भट्टीच्या विटा हो! इथे तापाचा काही संबंध नाही. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पायराइट आणि आर्सेनोपायराइट या गंधकयुक्त (सल्फाइड) खनिजांच्या स्फटिकांत अडकलेले असतात. खडक पिठासारखा दळला तरी सोनं विरघळवणारं सायनाइड त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मी सरळ 'सायनाइडला दाद न देणारं धातुक' लिहीन. लांबलचक आहे, पण वाचणाऱ्याला कळतं.

जैवनिक्षालन, म्हणजे जिवाणूंकरवी धातू पाण्यात उतरवणं, हे तांब्याला शोभतं. अमेरिकेत यूटामधल्या बिंगहॅम कॅन्यनला टाकाऊ खडकाच्या ढिगांवर आम्लयुक्त पाणी सोडत. जिवाणूंमुळे तयार झालेलं फेरिक लोह तांब्याच्या सल्फाइडवर काम करी आणि ढिगाखालून निघणाऱ्या निळसर-हिरव्या पाण्यात तांबं उतरलेलं असे. फेअरव्ह्यूला 1986 पासून जिवाणू वापरतात, पण त्यांच्यामुळे सोनं विरघळत नाही. हवा खेळवलेल्या टाक्यांत, साधारण 40 अंशांना, ते काही दिवसांत सल्फाइड फोडतात. सोनं मागे गाळातच राहतं आणि सायनाइडची पाळी त्यानंतर येते. म्हणून तिथे 'जैव-ऑक्सिडीकरण'च हवं. धातू पाण्यात गेला की गाळात राहिला, एवढं पाहिलं की शब्द चुकत नाही.

कुंपणावरचा: वर्तमानपत्रांचे 'धातू खाणारे जिवाणू' मग बादच?

दगडधोंडे: सोनं-तांबं कोण खातंय! अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स या जिवाणूला ऊर्जा मिळते ती फेरस लोहाचं फेरिक करताना आणि गंधकाचं ऑक्सिडीकरण करताना. नावातच 'फेरो' आहे. 1947 मध्ये त्याचा छडा लागला तोही कोळशाच्या खाणीतल्या आम्लधर्मी पाण्यात. 'लोह-गंधकावर जगणारे' म्हणा. मथळा फिका पडेल, पडू दे.

शिंपला: पटलं. लेखात पुढे 'रोस्टिंग' येतं, म्हणजे जिवाणूंच्या आधीची रीत. धातुक तापवायचं, त्यातून सल्फर डायऑक्साइड आणि आर्सेनिकच्या वाफा निघायच्या. तिथे 'भर्जन' लिहू?

कुंपणावरचा: ताई, 'भाजणं' लिहा की. शेंगदाणे आपण भर्जित करतो का?

दगडधोंडे: भाजणंच. 'भर्जन' हवं तर एकदा कंसात टाका, परीक्षेला बसणाऱ्या पोरांसाठी.